श्रद्धा आली म्हणून कविता गेली?

काही समज इतके जुने असतात की त्यांच्याकडे पुरावा मागण्याचे कोणाला सुचतच नाही. ‘कवी देवाकडे वळला की त्याची कविता संपते’ हा त्यांपैकीच एक. साहित्यविषयक चर्चांत तो सहजपणे मांडला जातो, पाठ्यपुस्तकांच्या प्रस्तावनांत तो सौम्य शब्दांत डोकावतो आणि, नवल असे की, आपल्या ख्रिस्ती वाचकांतही त्याला कोणी आडवे येत नाही. धार्मिक कविता म्हणजे सणावारी अंकाचा कोपरा भरण्याचे साधन, आणि खरी कविता म्हणजे प्रेमाची, विद्रोहाची किंवा निराशेची, अशी वाटणी दोन्ही पक्षांनी आपसांत करून टाकलेली आहे. ही वाटणी आम्हांला मान्य नाही. ती का मान्य नाही हे सांगण्यासाठी आम्ही या लेखात एका स्पॅनिश कवीची साक्ष काढणार आहोत. एर्नेस्तीना दे चाम्पूर्सिन हे त्यांचे नाव. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी ते ऐकलेले नसेल. त्यात वाचकांचा दोष नाही, कारण स्पेनमध्येही ते नाव दीर्घकाळ झाकूनच ठेवले गेले होते.

येथे ‘कवयित्री’ न म्हणता ‘कवी’ म्हटले, ते जाणीवपूर्वक. मराठीत ‘कवयित्री’ या शब्दात काही कमीपणा नाही. स्पॅनिश भाषेत मात्र ‘पोएतिसा’ या स्त्रीलिंगी शब्दाला हौशीपणाचा, दिवाणखान्यातील करमणुकीचा वास चिकटलेला होता. एर्नेस्तीनांना तो शब्द स्वतःसाठी आवडत नसे. आपल्याला ‘पोएता’, म्हणजे नुसते कवी म्हणावे, असा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह येथे पाळणे हे सौजन्याचे ठरेल.

प्रथम त्यांचे चरित्र थोडक्यात पाहू. १० जुलै १९०५ रोजी उत्तर स्पेनमधील व्हितोरिया या शहरात त्यांचा जन्म झाला. वडील वकील, मूळचे फ्रेंच वंशाचे आणि सरंजामी किताब असलेले. आई उरुग्वेत जन्मलेली. बालपणीच कुटुंब माद्रिदला आले. घरात फ्रेंच आणि इंग्रजी भाषा त्या लहानपणापासून शिकल्या. विद्यापीठात जाण्याची त्यांची तीव्र इच्छा वडिलांच्या विरोधामुळे अपुरी राहिली. त्या काळातील सुखवस्तू घरांत मुलीने वाचावे, पियानो वाजवावा, परकी भाषा बोलावी, एवढे चाले. तिने पदवी घ्यावी हे मात्र चालत नसे. जे विद्यापीठाने दिले नाही ते त्यांनी पुस्तकांतून मिळवले. १९२६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ‘एन सिलेन्सिओ’ (मौनात) हा त्यांचा पहिला संग्रह निघाला. त्यामागोमाग १९२८ मध्ये ‘आओरा’ (आता), १९३१ मध्ये ‘ला व्होस एन एल व्हिएन्तो’ (वाऱ्यातला आवाज) आणि १९३६ मध्ये ‘कान्तिको इनूतील’ (निष्फळ स्तोत्र) हे संग्रह प्रसिद्ध झाले. पुढे १९५६ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले हुआन रामोन हिमेनेस हे त्यांचे काव्यगुरू. गुरुपत्नी सेनोबिया काम्प्रुबी यांच्याशीही त्यांचा स्नेह होता. याच सेनोबियांनी आपल्या रवींद्रनाथांना स्पॅनिश भाषेत नेले. ‘द क्रेसेंट मून’चा त्यांनी केलेला अनुवाद १९१५ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या घरात रवींद्रनाथ स्पॅनिश बोलू लागले, त्याच घराच्या ओसरीवर ही तरुण कवी वाढली.

आता प्रश्न असा की दहा वर्षांत चार संग्रह देणाऱ्या या कवीचे नाव वाङ्मयेतिहासातून गळले कसे? आमचे उत्तर असे की ते एकदा गळले नाही, तीनदा गाळले गेले. पहिल्यांदा त्या स्त्री होत्या म्हणून, दुसऱ्यांदा निर्वासित होत्या म्हणून आणि तिसऱ्यांदा श्रद्धावंत होत्या म्हणून. पहिल्या दोन अन्यायांची आता थोडीफार चर्चा होते. तिसऱ्याविषयी बोलणारे फार थोडे आहेत, म्हणून या लेखाचा भर त्याच्यावर आहे. परंतु क्रमाने जाऊ.

विसाव्या शतकातील स्पॅनिश कवितेचा सुवर्णकाळ ज्यांच्या नावे ओळखला जातो ती ‘सत्तावीसची पिढी’. गोंगोरा या सतराव्या शतकातील कवीच्या त्रिशताब्दीनिमित्त डिसेंबर १९२७ मध्ये सेव्हिल येथे काही तरुण कवी जमले, त्यावरून हे नाव पडले. त्या मेळाव्याचे छायाचित्र स्पेनमधील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. लोर्का, अल्बेर्ती, गियेन, दामासो आलोन्सो असे सगळे ओळीने बसले आहेत, आणि छायाचित्रात एकही स्त्री नाही. १९३२ मध्ये खेरार्दो दिएगो यांनी या पिढीची ओळख करून देणारा प्रातिनिधिक संग्रह संपादित केला. त्यातही एकही स्त्री नव्हती. १९३४ च्या दुसऱ्या आवृत्तीत दोन स्त्रियांना प्रवेश मिळाला: एर्नेस्तीना दे चाम्पूर्सिन आणि होसेफीना दे ला तोर्रे. बंद असलेले दार अशा रीतीने किलकिले झाले, परंतु नंतरच्या अभ्यासकांनी ते पुन्हा लोटून घेतले. याचा सर्वांत बोलका पुरावा १९९९ सालचा आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये राफाएल अल्बेर्ती निवर्तले, तेव्हा ‘सत्तावीसच्या पिढीचा अखेरचा कवी गेला’ असे लिहिले गेले. होसेफीना दे ला तोर्रे त्या दिवशी हयात होत्या. त्या २००२ पर्यंत जगल्या! जिवंत माणसाला मोजायचे विसरणारा इतिहास मृतांना काय न्याय देणार?

दुसरा अन्याय युद्धाने केला. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली. त्याच वर्षी एर्नेस्तीनांनी कवी हुआन होसे दोमेन्चीना यांच्याशी विवाह केला. दोमेन्चीना हे प्रजासत्ताकाचे नेते मान्युएल आसान्या यांचे सचिव राहिलेले. त्यामुळे या जोडप्याची बाजू ठरलेलीच होती. युद्धकाळात एर्नेस्तीनांनी रुग्णालयात परिचारिकेचे काम केले. मग व्हॅलेन्सिया, बार्सिलोना, सीमेपलीकडे फ्रान्स आणि अखेरीस १९३९ मध्ये मेक्सिको, असा त्यांचा प्रवास झाला. मेक्सिकोत पोटासाठी त्यांनी भाषांतराची कामे घेतली. बाशलार, मिर्चा एलिआदे, एमिली डिकिन्सन अशा लेखकांना त्यांनी स्पॅनिशमध्ये आणले. ज्यांना विद्यापीठाने दार उघडले नव्हते, त्यांच्या भाषांतरांवर लॅटिन अमेरिकेतील विद्यापीठांत पिढ्या शिकल्या. पण स्वतःचे कवितेचे पुस्तक म्हणाल तर १९३६ नंतर सोळा वर्षे एकही नाही. मायदेशात फ्रँको यांची राजवट होती आणि निर्वासितांची नावे घेणे तेथे सोयीचे नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण ती टाळून हा विषय मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या यादवीत प्रजासत्ताकाच्या प्रदेशात सुमारे सात हजार धर्मगुरू आणि व्रतस्थ स्त्रीपुरुष मारले गेले. दुसऱ्या बाजूने फ्रँकोंच्या सैन्याने आणि समर्थकांनी हजारोंना गोळ्या घातल्या. लोर्का त्यांच्यापैकीच एक. स्पेनच्या बहुसंख्य बिशपांनी जुलै १९३७ च्या सामूहिक पत्राने फ्रँकोंची बाजू उचलून धरली. अशा रक्ताळलेल्या वाटणीत प्रजासत्ताकाच्या बाजूने उभी राहिलेली आणि तरीही ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणारी स्त्री कोणाच्या यादीत बसणार? एकाच्या यादीत ती ‘लाल’ ठरली, तर दुसऱ्याच्या यादीत ‘भाविक’. दोन्ही याद्यांनी तिला वगळले. ज्यांचे जीवन घोषणेत मावत नाही त्यांचे असेच होत असते.

आता तिसऱ्या अन्यायाकडे वळू. १९५२ साली ‘प्रेसेन्सिया आ ओस्कूरास’ (अंधारातील सान्निध्य) हा एर्नेस्तीनांचा संग्रह माद्रिदमधील ‘आदोनाइस’ या नामांकित काव्यमालेत प्रसिद्ध झाला. सोळा वर्षांच्या मौनानंतर आलेले हे पुस्तक ईश्वराला उद्देशून आहे. त्यानंतर ‘एल नोम्ब्रे के मे दीस्ते’ (तू मला दिलेले नाव, १९६०), ‘कार्सेल दे लोस सेन्तीदोस’ (इंद्रियांचा तुरुंग, १९६४), ‘हाय-काइस एस्पिरितुआलेस’ (आध्यात्मिक हायकू, १९६७) आणि ‘कार्तास सेर्रादास’ (बंद पत्रे, १९६८) असे संग्रह आले. अभ्यासकांनी त्यांच्या कवितेचे तीन कालखंड पाडले आहेत: मानवी प्रेमाचा, दैवी प्रेमाचा आणि अखेरचा, स्मरणाने भारलेल्या प्रेमाचा. अभ्यासाच्या सोयीसाठी हे ठीक आहे. परंतु सोयीच्या रेषा पुढे भिंती होतात. झाले असे की पहिला खंड वाचला जातो, कारण तो ‘सत्तावीसच्या पिढी’त बसतो, तिसऱ्याची दखल घेतली जाते, कारण त्यात हद्दपारीच्या आठवणी आहेत, आणि मधला, सर्वांत दीर्घ खंड ‘धार्मिक वळण’ या दोन शब्दांत गुंडाळला जातो. वळण! जणू माणूस चालता चालता आडवाटेला लागला आणि कवितेचा हमरस्ता सोडून बसला.

आमचा पहिला आक्षेप असा की हे वळणच नव्हे. १९२६ च्या पहिल्या पुस्तकाच्या नावात मौन आहे, आणि मौन हा प्रार्थनेचा उंबरठा आहे. १९३६ च्या पुस्तकाच्या नावात ‘कान्तिको’ आहे. क्रुसाचे संत योहान यांच्या महान काव्याशी ज्याची ओळख आहे अशा कोणत्याही स्पॅनिश वाचकाच्या कानात त्या शब्दाबरोबर काय घुमते हे सांगण्याची गरज नाही. ज्या ‘तू’ला उद्देशून त्या तरुणपणी बोलत होत्या, तो ‘तू’ आधीपासूनच मानवी प्रियकरापेक्षा मोठा होता. नंतरच्या कवितेत त्याला नाव मिळाले, एवढेच. नदी समुद्राला मिळाली म्हणून तिने दिशा बदलली असे कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा. स्पॅनिश समीक्षेला ईश्वर वर्ज्य आहे काय? मुळीच नाही. दामासो आलोन्सो यांचा १९४४ मधील ‘ईहोस दे ला ईरा’ (क्रोधाची लेकरे) हा संग्रह युद्धोत्तर कवितेतील मैलाचा दगड मानला जातो. त्यात कवी ईश्वराला जाब विचारतो. ब्लास दे ओतेरो यांचा १९५० मधील संग्रह घ्या. तेथेही ईश्वराशी झुंज आहे, आणि तीही गौरवली गेली. दोन्ही गौरव योग्यच आहेत. ईयोबाचा आक्रोश ज्या ग्रंथात आहे तो आपला पवित्र ग्रंथ आहे. देवाशी भांडणाऱ्या कवीला पाहून आपण दचकण्याचे कारण नाही. परंतु मग नियम असा झाला की देवाशी भांडणारी कविता म्हणजे साहित्य, आणि देवाशी बोलणारी कविता म्हणजे भाविकपणा. नकार म्हणजे बुद्धी, होकार म्हणजे भोळेपणा. हा नियम कोणी केला आणि कोणत्या आधारावर? ज्या बाईचा देश गेला, घर गेले, मित्रमंडळी पांगली, जिचा पती परक्या भूमीत झुरत १९५९ मध्ये मरण पावला, तिने अंधारात कोणाचे तरी सान्निध्य जाणवल्याचे लिहिले, तर तिचा होकार स्वस्तातला कसा? नकारापर्यंत पोहोचण्यास जेवढे दुःख लागते, तेवढेच, किंबहुना अधिक, होकारापर्यंत पोहोचण्यास लागते. ‘प्रकाशातील सान्निध्य’ असे नाव त्यांनी पुस्तकाला दिले असते तर शंकेला जागा होती. त्यांनी अंधार म्हटले. हा शब्द ज्याने गंभीरपणे घेतला नाही त्याने ते पुस्तक वाचलेच नाही, असे आम्ही म्हणतो.

अंधाराची ही परंपरा स्पेनमध्ये जुनी आहे आणि ख्रिस्तसभेने तिचे काय केले हेही पाहण्यासारखे आहे. १५७७ च्या डिसेंबरात क्रुसाच्या संत योहानांना त्यांच्याच कार्मेलाइट बंधूंनी तोलेदो येथील मठात कोंडले. सुमारे नऊ महिने ते त्या अरुंद कोठडीत होते, आणि तेथेच त्यांच्या थोर कवितेचा मोठा भाग जन्मला. १५९१ मध्ये ते निवर्तले. त्यांचे लेखन प्रथम छापले गेले १६१८ मध्ये. ते संत घोषित झाले १७२६ मध्ये आणि धर्मपंडिताची पदवी त्यांना मिळाली १९२६ मध्ये, म्हणजे एर्नेस्तीनांचा पहिला संग्रह निघाला त्याच वर्षी. कोठडीपासून धर्मपंडितपदापर्यंत साडेतीनशे वर्षे! आपल्या कवींना ओळखण्यास धर्मसंस्थेला एवढा वेळ लागतो हे ध्यानात ठेवले, तर निधर्मी समीक्षकांवर एकतर्फी राग काढण्याची आपली घाई थोडी कमी होईल.

कारण या प्रकरणात धार्मिक वर्तुळांचेही हात स्वच्छ नाहीत. १९२६ मध्ये माद्रिदमध्ये ‘लिसेऊम क्लब फेमेनीनो’ हे स्त्रियांचे सांस्कृतिक मंडळ स्थापन झाले. मारिया दे माएस्तू त्याच्या अध्यक्ष होत्या. तेथे व्याख्याने होत, ग्रंथालय होते, काम करणाऱ्या मातांच्या मुलांसाठी सोय केली गेली. एर्नेस्तीना त्या मंडळाच्या कामात उत्साहाने सहभागी होत्या. स्पेनमधील धर्मगुरूंच्या नियतकालिकांनी या मंडळावर काय लिहावे? या स्त्रिया कुटुंबाच्या शत्रू आहेत, त्यांना श्रद्धा नाही, त्यांच्यापासून समाजाचे रक्षण केले पाहिजे, अशा आशयाची टीका तेथे झाली. ज्या मंडळाला निधर्मी ठरवून झोडपले गेले, त्याच्याच एका सभासदाने पुढे विसाव्या शतकातील स्पॅनिश धार्मिक कवितेत मोलाची भर घातली. टीकाकारांच्या लेखण्या आज कोणाला आठवत नाहीत. पुस्तके वाचणारी स्त्री श्रद्धेला धोका आहे, ही भीती मात्र अद्याप पुरती मेलेली नाही. तिच्या अंत्यविधीस आम्ही आनंदाने उपस्थित राहू.

येथे काही वाचक एक प्रश्न विचारतील. एर्नेस्तीना मेक्सिकोत असताना ‘ओपुस देई’ या संस्थेच्या सदस्य झाल्या. त्या संस्थेविषयी स्पेनमध्ये आणि बाहेरही तीव्र मतभेद आहेत. अनेक समीक्षकांच्या मौनाचे एक कारण हेच असावे, असे आम्हांला वाटते. आमचे म्हणणे सरळ आहे. संस्था आवडो वा न आवडो, कवितेचा निवाडा सभासदत्वाच्या नोंदवहीवरून होत नाही. साम्यवादी पक्षाचे सभासद असलेल्या अल्बेर्तींच्या कविता आम्ही पक्षाचे कार्ड न पाहता वाचतो. तीच उदारता दुसऱ्या बाजूनेही अपेक्षिणे अवास्तव नव्हे. तसेच, ज्यांना त्या संस्थेचे प्रेम आहे त्यांनीही एर्नेस्तीनांना आदर्श सभासदाच्या चौकटीत बसवून भिंतीवर टांगू नये. हार घातलेल्या तसबिरी कोणी वाचत नाही.

आता प्रतिपक्षाचे जे म्हणणे खरे आहे ते मान्य करू. धार्मिक म्हणवणारी पुष्कळशी कविता सुमार असते. तिच्यात उत्तर आधीच ठरलेले असते आणि यमक जुळवीत कवी तेथपर्यंत पोहोचतो. अशा पद्यांत अंधार नसतो, कारण लिहिणारा दिवे लावूनच बसलेला असतो. परंतु सुमार प्रेमकविता आणि सुमार विद्रोही कविता यांची रास काय लहान आहे? तिच्यावरून कोणी प्रेमाला किंवा विद्रोहाला कवितेतून हद्दपार करीत नाही. धार्मिक कवितेचा न्याय मात्र तिच्या सर्वांत दुबळ्या नमुन्यावरून केला जातो. हा दुहेरी मापाचा व्यवहार आहे आणि बाजारात तो फसवणूक म्हणून ओळखला जातो.

एर्नेस्तीनांचे ‘आध्यात्मिक हायकू’ या दृष्टीने विचार करण्यासारखे आहेत. हायकूचा स्पॅनिश भाषेत प्रवेश मेक्सिकन कवी होसे हुआन ताब्लादा यांच्या १९१९ च्या पुस्तकामुळे सुकर झाला. मराठीत हा प्रकार शिरीष पै यांनी रुजवला हे आपले वाचक जाणतात. बौद्ध संस्कृतीच्या मातीत वाढलेला हा जपानी रचनाबंध एका कॅथलिक स्त्रीने ख्रिस्ती प्रार्थनेसाठी वापरला, तो १९६७ मध्ये, दुसरी व्हॅटिकन धर्मपरिषद संपून पुरती दोन वर्षेही झाली नव्हती तेव्हा. सांस्कृतिकीकरणावर आज परिसंवाद होतात, ठराव होतात. त्या बाईने ठरावाची वाट पाहिली नाही. शिवाय हायकू हा तोंडपाटीलकीला जागाच न देणारा प्रकार आहे. तीन ओळींत उपदेश करता येत नाही. जे दिसले ते दाखवायचे आणि थांबायचे. धार्मिक कवितेवर पाल्हाळाचा आरोप करणाऱ्यांनी निदान या पुस्तकाची जाडी तरी पाहावी.

१९७० साली त्यांनी ‘दिओस एन ला पोएसिया आक्तुआल’ (आजच्या कवितेतील ईश्वर) हा संग्रह संपादित केला. त्यात स्पेन आणि स्पॅनिश अमेरिका येथील कवींच्या ईश्वरविषयक कविता त्यांनी एकत्र आणल्या. ज्यांना इतरांच्या संग्रहांनी वगळले, त्यांनी इतरांसाठी संग्रह तयार केला, यातील थोरवी आम्हांला मोलाची वाटते. १९७२ मध्ये, तेहेतीस वर्षांनी, त्या स्पेनला परतल्या. पण ज्या माद्रिदमधून त्या गेल्या होत्या ते माद्रिद उरले नव्हते. घरी येऊनही परके राहणे ही दुसरी हद्दपारी त्यांना सोसावी लागली. १९७८ मध्ये ‘प्रिमेर एक्सिलिओ’ (पहिली हद्दपारी) आले. त्या नावातील ‘पहिली’ हा शब्द वाचकाने दोनदा वाचावा. १९८८ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, ‘उयेरोन तोदास लास इस्लास’ (सर्व बेटे पळून गेली) हा संग्रह आला. प्रकटीकरणाच्या सोळाव्या अध्यायाशी परिचित असलेल्याला या नावाचे मूळ सापडेल. म्हातारपणी आधाराची एकेक जमीन पायाखालून सरकते, याला यापेक्षा नेमके नाव दुसरे मिळणे कठीण. १९८९ मध्ये बास्क शासनाचा ‘एउस्कादी’ पुरस्कार त्यांना मिळाला. १९९६ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, शेवटचा संग्रह निघाला. २७ मार्च १९९९ रोजी, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, माद्रिद येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर आठ दिवसांनी आलेल्या ४ एप्रिल १९९९ या ईस्टरच्या दिवसाची तारीख घालून पोप दुसरे जॉन पॉल यांचे ‘कलावंतांना पत्र’ प्रसिद्ध झाले. ख्रिस्तसभेला कलेची गरज आहे, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. त्याआधी ७ मे १९६४ रोजी पोप सहावे पॉल यांनी सिस्टिन चॅपेलमध्ये कलावंतांसमोर मान्य केले होते की ख्रिस्तसभेने त्यांना दुखावले, त्यांच्यावर ठरीव साचे लादले आणि दुय्यम दर्जाच्या कलेवर समाधान मानले. त्याबद्दल त्यांनी क्षमाही मागितली होती. दोन पोपांनी एवढे सांगितल्यानंतरही धर्मग्रामाच्या पातळीवर काय बदलले? कवी हा आपल्याकडे अजूनही रौप्यमहोत्सवाचे स्वागतगीत लिहून देणारा माणूस आहे.

आणि स्त्री कवी? लांब स्पेनला न जाता आपल्याच भाषेत एक उदाहरण आहे. रेव्हरंड टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले, पण ते अपुरे ठेवून १९१९ मध्ये ते गेले. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. ‘स्मृतिचित्रे’साठी सारा महाराष्ट्र लक्ष्मीबाईंना मान देतो, आणि तो सार्थ आहे. परंतु ‘ख्रिस्तायन’ म्हणताच नाव घेतले जाते ते टिळकांचे. संसाराच्या गोष्टी सांगणारी लक्ष्मीबाई सर्वांना प्रिय आहे. ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य तडीस नेणाऱ्या लक्ष्मीबाईंची चर्चा तुरळक. एर्नेस्तीनांच्या बाबतीत जे झाले त्याचीच ही मराठी आवृत्ती. पंथ वेगळा, देश वेगळा, पण विसरण्याची रीत एकच!

कोणी म्हणेल, दूरदेशीच्या एका कवीसाठी एवढा खटाटोप कशाला? धर्मग्रामात काम करणाऱ्यांना याचे कारण ठाऊक आहे. मृत्यूच्या घरी, तुटलेल्या संसारात, परदेशी गेलेल्या मुलाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आईजवळ बसले असता पाठ केलेल्या प्रार्थना एका ठिकाणी येऊन थांबतात. त्या प्रार्थना पवित्र आहेत, त्यांनी पिढ्या तारल्या आहेत. पण त्यांच्या पलीकडे माणसाला स्वतःचे, स्वतःच्या अंधाराचे शब्द हवे असतात. ते शब्द कवी घडवतो. स्तोत्रसंहिता हा कवितांचाच ग्रंथ आहे हे आपण विसरतो. ज्या समाजाचे कवी मुके होतात त्या समाजाची प्रार्थना हळूहळू उसनी होते, आणि उसन्या शब्दांनी केलेली प्रार्थना संकटाच्या दिवशी टिकत नाही. एर्नेस्तीनांची कविता विसरली जाणे हा केवळ वाङ्मयीन अपराध नव्हे. दुःखातून होकारापर्यंत जाणारी एक वाट बुजवून टाकल्यासारखे ते आहे.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. समीक्षकांनी १९५२ ते १९६८ या काळातील त्यांचे संग्रह आधी वाचावेत आणि मग ‘वळणा’ची भाषा करावी. वाचून नापसंत केले तर आमची तक्रार नाही. न वाचता नापसंत करण्याला आमचा विरोध आहे. आपल्या समाजातील स्पॅनिश जाणणाऱ्यांनी त्यांच्या काही कविता इंग्रजीच्या आडवळणाने न जाता थेट मराठीत आणाव्यात. त्यांची कागदपत्रे स्पेनमधील नावार्रा विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, आणि भारतातील धर्मगुरूही त्या विद्यापीठात ईश्वरविद्येचे शिक्षण घेण्यास जातात. त्यांच्यापैकी एखाद्याने ग्रंथालयाच्या त्या दालनातही एक दुपार घालवावी. आणि शेवटचे, सर्वांत जवळचे: आपल्या गावांत वहीच्या मागच्या पानावर ज्या स्त्रिया देवाशी बोलतात, त्यांची वही आज, त्या हयात असताना मागून घ्यावी. साडेतीनशे वर्षे थांबण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.